पेशी रुग्णाची, ज्ञान समाजाचे, मालकी कोणाची?

(कर्करोगावरील नव्या पेशी-उपचाराविषयी तंजावर येथील पक्षाच्या अभ्यासवर्गात मराठीतून केलेल्या भाषणाचा मजकूर.)

कॉम्रेड्स,

आजच्या वर्गासाठी मला दिलेला विषय वरवर पाहता केवळ वैद्यकशास्त्राचा आहे. रक्ताच्या कर्करोगावर रुग्णाच्याच शरीरातील पेशी बदलून केला जाणारा एक नवा उपचार आपल्या देशात उपलब्ध झाला आहे. त्याविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते त्यात एक तर चमत्काराची भाषा असते, नाही तर राष्ट्रीय अभिमानाची. या दोन्ही भाषांत श्रमजीवी माणसाला हवी असलेली माहिती हरवून जाते. हा उपचार नेमका कोणासाठी आहे, त्यात धोके कोणते, तो कोणाच्या पैशाने उभा राहिला आणि कोणाच्या पदरात पडणार, हे प्रश्न विचारणे आपले काम आहे. मी डॉक्टर नाही. पक्षाच्या प्रकाशनांच्या अनुवादाचे काम करणारा कलाशाखेचा पदवीधर आहे. म्हणून शास्त्राचा जो भाग मांडीन तो सोप्या शब्दांत, पण सोपेपणासाठी सत्याला मुरड न घालता मांडण्याचा प्रयत्न करीन.

तंजावरात मराठीतून या विषयावर बोलताना एका गोष्टीचे स्मरण स्वाभाविक आहे. १७९९ च्या तहाने ज्यांचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीने ताब्यात घेतला, त्या दुसऱ्या शरभोजी राजांनी याच गावी धन्वंतरी महाल नावाची वैद्यकशाळा चालविली आणि सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह वाढविला. नेत्ररोग्यांवर केलेल्या उपचारांच्या नोंदी त्या काळी येथे लिहून ठेवल्या जात. राजाचा तो ग्रंथसंग्रह १९१८ साली सर्व जनतेसाठी खुला झाला. ज्ञान एका घराण्याच्या दालनातून समाजाच्या मालकीत येऊ शकते याचे हे उदाहरण येथून हाकेच्या अंतरावर आहे. आजच्या विषयाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

उपचाराचे स्वरूप

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी एका जातीला टी-पेशी म्हणतात. विषाणूंनी ग्रासलेल्या किंवा बिघडलेल्या पेशी ओळखून त्यांना नष्ट करणे हे त्यांचे काम. परंतु कर्करोगाची पेशी बाहेरून आलेली नसते. ती आपल्याच पेशींतून बिघडून निर्माण होते आणि टी-पेशींच्या नजरेतून निसटण्याच्या अनेक युक्त्या तिला साधलेल्या असतात.

मग शास्त्रज्ञांनी विचार केला की टी-पेशीला नवी दृष्टीच द्यावी. रुग्णाच्या शरीरातून रक्त एका यंत्रातून फिरवून त्यातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात आणि उरलेले रक्त परत शरीरात सोडतात. याला काही तास लागतात. नंतर प्रयोगशाळेत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने, टी-पेशींत एक नवा जनुक घातला जातो. त्या जनुकामुळे टी-पेशीच्या पृष्ठभागावर एक नवे ग्राहक-प्रथिन उगवते. त्याचे बाहेरचे टोक कर्करोगाच्या पेशीवरील विशिष्ट खूण ओळखते आणि आतले टोक टी-पेशीला हल्ल्याची आज्ञा देते. निरनिराळ्या प्रथिनांचे तुकडे जोडून बनविलेले म्हणून त्याला ‘कायमेरिक’ म्हणजे संमिश्र ग्राहक म्हणतात. अनेक प्राण्यांचे अवयव एकत्र असलेला शरभ आपण या भागातील मंदिरांत कोरलेला पाहतो. कल्पना तशीच आहे. या संपूर्ण नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या पेशींना ‘कार-टी’ पेशी म्हणतात.

अशा पेशींची संख्या प्रयोगशाळेत कोट्यवधींनी वाढवितात. तोवर रुग्णाला काही दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे देऊन त्याच्या शरीरातील जुन्या पांढऱ्या पेशी कमी करतात, म्हणजे नव्या पेशींना वाढण्यास वाव मिळतो. मग सलाइनप्रमाणे शिरेतून त्या पेशी परत दिल्या जातात. बहुतेक औषधे शरीरात येतात आणि काही काळाने निघून जातात. ही पेशी जिवंत असते, शत्रू दिसला की वाढते आणि कधी कधी वर्षानुवर्षे शरीरात राहते. तिचे सामर्थ्य यात आहे आणि तिचा धोकाही यातच आहे.

गुण आणि मर्यादा

आज आपल्या देशात जो उपचार मान्य आहे तो मुख्यतः बी-पेशींपासून होणाऱ्या रक्ताच्या आणि लसिका-ग्रंथींच्या कर्करोगांसाठी आहे. या पेशींवर ‘सीडी-१९’ नावाची खूण असते. नेहमीची औषधे देऊनही रोग हटला नाही किंवा उलटून आला, अशाच रुग्णांसाठी हा उपचार आहे. स्तन, तोंड, फुप्फुस, जठर अशा अवयवांतील गाठींवर या पेशी अद्याप तितक्या उपयोगी ठरलेल्या नाहीत. गाठीच्या सर्व पेशींवर एकच खूण नसते, असली तर ती निरोगी अवयवांवरही असते, आणि गाठीच्या आतील परिस्थिती टी-पेशीला निष्प्रभ करते. तेव्हा ‘कर्करोगावर रामबाण सापडला’ असे कोणी सांगत आले, आणि त्यासाठी एखादे कुटुंब शेत विकायला निघाले, तर आपल्या कार्यकर्त्याने प्रथम एवढे तरी विचारले पाहिजे की रोग कोणत्या जातीचा आहे.

भारतातील चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ साली ‘लॅन्सेट हीमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एकूण ६४ रुग्णांचा अभ्यास होता. परिणाम मोजता आला अशा ५१ जणांपैकी ३७ जणांचा, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांचा, रोग कमी झाला किंवा दिसेनासा झाला. दुसरे सर्व उपाय थकलेल्या रुग्णांत हे यश मोठे आहे. परंतु ज्यांचा रोग हटतो त्या सर्वांचा तो कायमचा हटतो असे नाही. काहींच्या कर्कपेशी ती खूणच टाकून देतात आणि पुन्हा वाढतात. याच चाचण्यांत उपचारामुळे दोन रुग्ण दगावले हेही तेथे नोंदलेले आहे. यशाचा आकडा सांगताना हा दुसरा आकडा गाळणे ही जाहिरात होईल, शिक्षण नव्हे.

दुष्परिणाम

दुष्परिणामांचा विचार आपण थोडा विस्ताराने करू, कारण रुग्णाच्या घरच्यांना सर्वांत कमी सांगितले जाते ते याविषयीच.

पहिला दुष्परिणाम म्हणजे सायटोकाइनांचा भडका. टी-पेशी हल्ला करतात तेव्हा त्या एकमेकींना चेतविणारी रसायने सोडतात. ती प्रमाणाबाहेर गेली की प्रखर ताप येतो, रक्तदाब उतरतो, श्वास अपुरा पडतो, आणि वेळीच आवरले नाही तर अवयव निकामी होतात. पेशी दिल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत हे बहुधा घडते. २०१२ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे हा उपचार घेणारी सहा वर्षांची मुलगी याच भडक्याने मरणाच्या दारी पोचली होती. तिच्या रक्तात ‘इंटरल्यूकिन-६’ हे रसायन फार वाढल्याचे डॉक्टरांना आढळले. त्याला रोखणारे टोसिलिझुमॅब नावाचे औषध संधिवातासाठी आधीच वापरात होते. ते दिल्यावर मुलगी वाचली, आणि दहा वर्षांनंतरही तिच्या शरीरात रोग नव्हता. आज या औषधाचा आणि स्टिरॉइडांचा उपयोग सर्वत्र केला जातो. भारतातील चाचण्यांत तीव्र स्वरूपाचा भडका सुमारे ५ टक्के रुग्णांत आढळला.

दुसरा दुष्परिणाम मेंदूवरचा. रुग्ण गोंधळतो, शब्द आठवत नाहीत, हात थरथरतात, क्वचित झटके येतात. बहुतेकांत हे काही दिवसांत ओसरते, पण ते लवकर ओळखावे लागते. त्यासाठी रुग्णाला वारंवार साधे प्रश्न विचारतात: साल कोणते, गाव कोणते, या वस्तूचे नाव काय, शंभरापासून दहा-दहाने उलट मोजा, एक वाक्य लिहून दाखवा. कालचे सुवाच्य अक्षर आज वेडेवाकडे आले तर तो धोक्याचा इशारा समजतात.

कॉम्रेड्स, येथे क्षणभर थांबू. कावेरीच्या खोऱ्यातील एखादी शेतमजूर स्त्री मुंबईच्या रुग्णालयात आहे आणि हे प्रश्न तिला हिंदीत किंवा इंग्रजीत विचारले जात आहेत, अशी कल्पना करा. ती गप्प राहिली तर तिच्या मेंदूला सूज आली असे समजावे, की तिला प्रश्नच कळला नाही असे? जिला शाळा मिळाली नाही तिने वाक्य कसे लिहावे? उलट, तिला तमिळ येते असे गृहीत धरून घरातली मोडकी मराठी बोलणाऱ्या तंजावरी वृद्धाविषयी हाच प्रश्न उभा राहतो. अशा ठिकाणी भाषा ही केवळ संस्कृतीची किंवा अस्मितेची बाब राहत नाही. थर्मामीटरइतकेच ते उपचाराचे साधन ठरते. संमतीपत्राचेही तेच. वीस पाने इंग्रजीत छापून शेवटी अंगठा घेतला तर ती संमती नव्हे.

तिसरा दुष्परिणाम दीर्घकाळ चालणारा. सीडी-१९ ही खूण निरोगी बी-पेशींवरही असते, म्हणून रोगाबरोबर त्याही मारल्या जातात. बी-पेशी गेल्या की रोगप्रतिकारक प्रथिने बनत नाहीत. जंतुसंसर्ग वारंवार होतो, आणि काही रुग्णांना ती प्रथिने बाहेरून, महागड्या इंजेक्शनांच्या रूपाने द्यावी लागतात. रक्तातील इतर पेशीही काही आठवडे, कधी महिने, घटलेल्या राहतात. अशा रुग्णाला घरी सोडले आणि घर म्हणजे गळके छप्पर आणि गढूळ पाणी असेल, तर रुग्णालयात जिंकलेली लढाई घरी हरली जाऊ शकते.

चौथा धोका दुर्मिळ, पण गंभीर. अशा उपचारानंतर काही रुग्णांत टी-पेशींचाच नवा कर्करोग झाल्याच्या नोंदींची दखल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतली, आणि २०२४ च्या आरंभी औषधांच्या माहितीपत्रकावर तसा इशारा छापण्यास सांगितले. हजारो रुग्णांमागे अशा घटना थोड्या आहेत. उपचारापासून होणारा लाभ त्याहून मोठा आहे असेच नियंत्रकांचेही मत राहिले. परंतु यामुळे रुग्णावर पुढे दीर्घकाळ लक्ष ठेवणे आवश्यक ठरते.

ज्ञान कोणी निर्माण केले?

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. या उपचाराची मूळ कल्पना १९८०च्या दशकाच्या अखेरीस जपान आणि इस्रायल येथील प्रयोगशाळांत आकाराला आली. वाइझमन संस्थेचे झेलिग एशहार यांचे या विषयावरील काम १९८९ साली प्रसिद्ध झाले. पुढील पंचवीस वर्षे ते काम विद्यापीठांत आणि सार्वजनिक संस्थांत, मोठ्या प्रमाणात सरकारी आणि धर्मादाय पैशावर चालले. यश दिसू लागल्यावर, २०१२ साली, नोव्हार्टिस या बहुराष्ट्रीय कंपनीने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी करार केला. २०१७ साली या कंपनीच्या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि त्याची किंमत ठरली ४,७५,००० डॉलर, तीही रुग्णालयाचा खर्च सोडून.

भारतातील कथा अधिक बोलकी आहे. १९४१ साली टाटा विश्वस्त निधीतून उभे राहिलेले मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९५७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे आले. तेथील संशोधन केंद्र डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले, आणि शरीराबाहेर पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी तेथे उभारली. ही विद्या त्यांनी बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत आत्मसात केली होती. याच जॉर्ज गाय यांनी १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी तिच्या संमतीवाचून वाढविल्या. त्या पेशींवर जगभर औषध-उद्योग पोसला गेला आणि तिची मुले दारिद्र्यात राहिली. २०२३ साली, सात दशकांनी, एका कंपनीने त्या कुटुंबाशी तडजोड केली. पेशी कोणाची आणि नफा कोणाचा, हा प्रश्न आपण बाहेरून आणून या विज्ञानावर लादलेला नाही. तो त्याच्या जन्मापासून त्याच्या पोटात आहे.

दुसरी संस्था पवईची आय.आय.टी. तिची स्थापना १९५८ साली युनेस्कोमार्फत, सोव्हिएत संघाच्या साहाय्याने झाली. या संस्थेत डॉ. राहुल पुरवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय कार-टी पेशी तयार केली. टाटा मेमोरियलच्या खारघर येथील केंद्रात ४ जून २०२१ रोजी ती प्रथमच रुग्णाला देण्यात आली. चाचण्यांसाठी केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या यंत्रणेने १९ कोटी १५ लाख रुपये मंजूर केले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ या नावाने तिला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते पवई येथे तिचे लोकार्पण झाले.

‘लोकार्पण’ हा शब्द लक्षात ठेवा. कारण विक्रीचा हक्क लोकांकडे नाही, इम्युनोअ‍ॅक्ट या खाजगी कंपनीकडे आहे. लॉरस लॅब्ज या औषध कंपनीने २०२१ सालीच तिचे सुमारे एक चतुर्थांश भाग विकत घेतले. शास्त्रज्ञांच्या कर्तृत्वाला आणि जिद्दीला आपण मनःपूर्वक मान देतो. अमेरिकेतील किमतीच्या मानाने येथील किंमत कितीतरी कमी आहे, हे श्रेय त्यांचेच. आपला आक्षेप शास्त्रज्ञांवर नाही, व्यवस्थेवर आहे. प्रयोगशाळा सार्वजनिक, वेतन सार्वजनिक, चाचणीचे रुग्णालय सार्वजनिक, धोका पत्करणारे रुग्ण सामान्य जनतेतले, आणि उत्पादन मात्र बाजाराचे, असा हा व्यवहार आहे.

किमतीचा प्रश्न

उपचार बाजारात आला तेव्हा जाहीर झालेली किंमत ३० ते ४५ लाख रुपयांच्या दरम्यान होती. ती स्वस्त आहे असे म्हणतात. कोणासाठी? हिशेबापुरती शेतमजुराची मजुरी दिवसाला ४०० रुपये धरू, आणि वर्षाला २०० दिवस काम मिळते असे मानू. ३० लाख म्हणजे ७,५०० दिवसांची मजुरी. एक पैसाही न खाता साडेसदतीस वर्षे राबावे लागेल. आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे, म्हणजे या रकमेच्या एक षष्ठांशाचे. मजुरीचा प्रश्न या मातीला नवा नाही. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे २५ डिसेंबर १९६८ रोजी ४४ दलित शेतमजूर स्त्री-पुरुष-मुलांना जिवंत जाळण्यात आले, ते वाढीव मजुरी मागणाऱ्यांची संघटना मोडण्यासाठी. मजुरीची लढाई आणि औषधाची लढाई या दोन वेगळ्या लढाया नाहीत.

ही किंमत अटळ आहे काय? रक्ताच्या कर्करोगावरील दुसऱ्या एका औषधाचा, इमॅटिनिबचा, इतिहास याचे उत्तर देतो. ‘ग्लिव्हेक’ या नावाने नोव्हार्टिस कंपनी ते महिन्याला लाखाहून अधिक रुपयांना विकत होती. भारतीय कंपन्या तेच सुमारे दहा हजारांत देत होत्या. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर मक्तेदारी दिली नव्हती म्हणून हे शक्य झाले. जागतिक व्यापार संघटनेच्या दबावाखाली २००५ साली तो कायदा बदलला गेला, तेव्हा संसदेतील डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे त्यात जी संरक्षक तरतुदी आल्या त्यांत कलम ३(ड) होते. जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट मागता येणार नाही, असा त्याचा आशय. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ साली नोव्हार्टिसचा अर्ज फेटाळला, मद्रास उच्च न्यायालयाने २००७ साली कंपनीचे आव्हान नाकारले, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीविरुद्ध निकाल दिला. किंमत ही निसर्गाने ठरविलेली गोष्ट नसते. ती कायद्याने आणि संघर्षाने ठरते.

कार-टी पेशीच्या बाबतीत मात्र एक फरक ध्यानात घ्यावा. ही गोळी नव्हे की एका कारखान्यात कोट्यवधी बनवून वाटता येतील. प्रत्येक रुग्णासाठी त्याच्याच पेशींपासून वेगळे उत्पादन करावे लागते. म्हणून केवळ पेटंटचा प्रश्न सुटून भागणार नाही. सार्वजनिक रुग्णालयांतच या पेशी तयार करण्याची सोय हवी. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने रुग्णालयाच्या आवारातच अशा पेशी तयार करण्याचा प्रयोग झालेला आहे. म्हणजे ही मागणी स्वप्नरंजन नाही.

दोन चुका आणि आपले कार्य

या प्रश्नावर दोन प्रकारच्या चुका संभवतात. एक, ‘स्वदेशी विजय’ म्हणून टाळ्या वाजवून थांबणे. दुसरी, ‘हा श्रीमंतांचा चोचला, गरिबांना आधी प्राथमिक आरोग्य केंद्र द्या’ असे म्हणून पाठ फिरविणे. दुसरी चूक आपल्यात अधिक आढळते, कारण तिच्यात अर्धे सत्य आहे. तंबाखू, उशिरा होणारे निदान आणि तपासणीचा अभाव यांनी कर्करोगाचे कितीतरी अधिक बळी जातात. महाराष्ट्रातील तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १,३१,००० हून अधिक ग्रामीण स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने २००९ साली दाखवून दिले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू विषाणूच्या एका तपासणीनेही घटविता येतात. हे काम कार-टीपेक्षा स्वस्त आहे आणि अधिक जीव वाचविणारे आहे. पण गरिबाने फक्त स्वस्त आजारच पडावे असा नियम नाही. शेतमजुराच्या मुलालाही रक्ताचा कर्करोग होतो. विज्ञानाचे सर्वोच्च शिखर श्रीमंतांना आणि पायथा आपल्याला, अशी वाटणी आपण मान्य करू शकत नाही.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेल्या उपचाराच्या खर्चाचा हिशेब जाहीर व्हावा आणि किमतीवर नियंत्रण यावे. प्रत्येक राज्यातील निदान एका सरकारी संस्थेत या पेशी तयार करण्याची सोय व्हावी. विमा योजनांत केवळ पेशींचाच नव्हे, तर टोसिलिझुमॅब, अतिदक्षता विभाग, नंतरची इंजेक्शने, आणि परगावी राहण्याचा खर्चही धरावा. रात्रंदिवस रुग्णावर लक्ष ठेवणाऱ्या परिचारिका कंत्राटी नसाव्यात. ज्या उपचारात एका तासाचा विलंब घातक ठरू शकतो तेथे अर्ध्या पगाराची, उद्याची शाश्वती नसलेली माणसे ठेवणे हा रुग्णावरही अन्याय आहे. रुग्णांची दीर्घकाळाची नोंदवही सार्वजनिक असावी. आणि संमतीपत्र, धोक्याची लक्षणे, मेंदूची तपासणी, सर्व काही रुग्णाच्या मातृभाषेत व्हावे.

या शेवटच्या मागणीसाठी आपण कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. पक्षात आणि जनसंघटनांत तमिळ, मराठी, तेलुगू, हिंदी अशा सर्व भाषा जाणणारे साथी आहेत. उपचारानंतर घरी परतलेल्या रुग्णाला ताप आला, तो असंबद्ध बोलू लागला, त्याचे अक्षर बिघडले, तर त्याच तासाला रुग्णालय गाठायचे, एवढे चार ओळींचे पत्रक आपण डॉक्टर मित्रांकडून तपासून घेऊन प्रत्येक भाषेत काढू शकतो. या वर्गातून परतल्यावर हे काम हाती घ्यावे, अशी माझी सूचना आहे.

पेशी रुग्णाची आहे. तिला नवी दृष्टी देणारे ज्ञान अनेक देशांतील, अनेक पिढ्यांतील श्रमाने निर्माण झाले आहे. मालकीचा प्रश्न अजून निकाली निघालेला नाही, आणि तो निकाली काढणे प्रयोगशाळेच्या नव्हे, संघटित जनतेच्या हाती आहे.

लाल सलाम.